मका गेला, चुना मागे राहिला

तेओतित्लान देल वाये या गावात उजाडायच्या आधी बायका घराबाहेर पडतात त्या हातात झाकलेली बादली घेऊन. मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे, त्याच नावाचं राजधानीचं शहर आहे आणि शहरापासून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर झापोटेक विणकरांचं हे गाव. इथल्या लोकरी सतरंज्या आणि त्यांना लाल रंग देणारा निवडुंगावरचा किडा यांची ख्याती जगभर आहे. पर्यटकांच्या गाड्या दिवस चांगला वर आल्यावर येतात आणि सतरंज्या घेऊन परत जातात. मला त्या बादल्यांमध्ये काय असतं ते बघायचं होतं, म्हणून ज्यांच्या घरी उतरले होते त्या आजींच्या मागोमाग मी अंधारातच मोलिनोवर गेले.

मोलिनो म्हणजे गिरणी. इथं पीठ उडत नाही, कारण धान्य ओलं दळतात. भिंतीशी बादल्यांची रांग लागते, बायका बाकावर बसून बोलत असतात आणि नंबर बादलीचा धरला जातो. गिरणीवाला प्रत्येकीला विचारतो, कशासाठी? तोर्तियासाठी म्हटलं की स्क्रू पिळून दोन्ही दगड जवळ आणतो, तामालसाठी म्हटलं की जरा सैल सोडतो. वरून सुजलेले, साल सुटलेले मक्याचे दाणे पडतात, जिचा नंबर असेल ती हातानं पाणी शिंपडत राहते, आणि खालून कोमट, लुसलुशीत गोळा बाहेर येतो. त्याला ओल्या चुन्याचा वास असतो. तो वास सकाळभर गल्लीत रेंगाळतो.

त्या दाण्यांना निक्स्तमाल म्हणतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्याच पाण्यात मुरू दिला की त्याचा निक्स्तमाल होतो. मेक्सिकोत मक्याचं जे जे म्हणून रोज खातात, त्यातल्या बहुतेक पदार्थांचा पाया हाच. तोर्तिया हा शब्द आज पुण्या-मुंबईच्या दुकानातही कळतो, तामाल आणि ताको हे शब्द अर्ध्या जगाला माहीत झाले आहेत. निक्स्तमाल मात्र घरीच राहिला. तो घरी राहिल्यामुळे दुसरीकडच्या माणसांचं काय झालं, ते मी या प्रवासाच्या आधी फार वेगळ्या ठिकाणी पाहिलं होतं आणि त्यामुळेच इथं आले होते. पण आधी आजींचं स्वयंपाकघर.

आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांना स्पॅनिश येते, पण चुलीजवळ बसल्या की त्या झापोटेकच बोलतात. शहरात शाळेवर शिकवणारी त्यांची नात सुट्टीवर आली होती, ती आमच्या मध्ये बसली. मका घरच्या शेतातला, बोलिता नावाच्या वाणाचा. दाणा ठेंगणा, गोलसर, या खोऱ्यात शेकडो वर्षं पिकणारा. मेक्सिकोत मक्याचे साठच्या आसपास देशी वाण नोंदलेले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या वाहाकात सापडतात. चुना त्लाकोलुलाच्या रविवारच्या बाजारातून आणलेला, दगडासारखा खडा. आजींनी तो मातीच्या भांड्यात ठेवून वरून पाणी घातलं, तसा तो फसफसला, तडकला आणि बघता बघता विरघळून दुधासारखा झाला. गाळ खाली बसल्यावर त्यांनी वरच्या पाण्यात बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावलं आणि मलाही लावायला सांगितलं. जीभ किंचित चावली गेल्यासारखी झाली. तेवढंच तिखट हवं, नात म्हणाली. कमी पडला तर साल सुटत नाही, जास्त झाला तर तोर्तिया कडू होते.

मग मडकं चुलीवर चढलं. पांढरा दाणा चुन्याच्या पाण्यात पडला की पिवळा धमक होतो. मी ते वाचलेलं होतं, तरी डोळ्यांसमोर रंग बदलताना पाहून मी मडक्यावरून हललेच नाही. पाणी हलकं उकळत ठेवून आजी मधूनमधून एक दाणा काढत आणि अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळत. बराच वेळ काही झालं नाही. मग एका दाण्याचं साल बोटांवर सरकलं. त्यांनी तो दाणा दातानं तोडून मला दाखवला. कडेनं पिवळा, मऊ. आत गाभ्यात अजून पांढरा, कच्चा. तो गाभा कच्चाच राहायला हवा. जाळ ओढून घेतला, मडक्यावर झाकण गेलं आणि पुढचं काम रात्रीवर सोपवलं.

सकाळी जे पाणी ओतून देतात त्याला नेहायोते म्हणतात. पिवळं, बुळबुळीत, त्यात मक्याची सालं विरघळलेली. दाणे धुवायचे, पण किती धुवायचे याला मोजमाप नाही. फार चोळून धुतले तर पीठ चिकटपणा सोडतं, कमी धुतले तर चुना जिभेला लागतो. आजींचे हात पाण्यात गोल फिरत होते आणि त्या पाण्याकडे बघतही नव्हत्या. बोटांना जे कळत होतं त्यावरच त्या थांबल्या.

मोलिनोवरून गोळा आणल्यावर तो पुन्हा एकदा मेतातेवर फिरतो. मेताते म्हणजे काळ्या ज्वालामुखी दगडाचा तीन पायांचा, पुढच्या बाजूला उतरता पाटा, आणि मेत्लापिल म्हणजे त्याच्यावरचा दोन्ही हातांनी धरायचा वरवंटा. चटईवर गुडघे टेकून, सगळं अंग पुढे लोटत वाटायचं. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाके घालून घेतात, आपल्याकडे जात्याला घालत तसेच. गिरण्या गावोगाव आल्या त्या विसाव्या शतकात. त्याआधी घरच्या एका बाईचे दिवसाचे पाच-सहा तास या दगडावर जात. आजींनी आईला असं वाटताना पाहिलेलं आहे. आईचे गुडघे शेवटी वाकत नव्हते, एवढं सांगून त्या गप्प झाल्या आणि नातीनंही पुढे विचारलं नाही. चांगली चव दगडाचीच, असं शहरातल्या खानावळीत मला बऱ्याच जणांनी ऐकवलं होतं. आजींच्या घरात ते वाक्य कोणी उच्चारलं नाही. गिरणी आली याचा आनंद त्यांना आजही आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

या स्वयंपाकघरात वस्तूंची नावं तीन भाषांतून येतात. आजी, सून आणि शेजारीण आपापसांत झापोटेक शब्द वापरतात. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला सांगताना त्या मेताते, मेत्लापिल, कोमाल, निक्स्तमाल, नेहायोते म्हणतात. हे शब्द नाहुआत्लचे, म्हणजे पंधराव्या शतकात या खोऱ्यात ठाणं घालणाऱ्या अझ्टेक राजवटीच्या भाषेतले, जे पुढे मेक्सिकोच्या स्पॅनिशनं जसेच्या तसे उचलले. आणि डुकराची चरबी, चीज, तांदूळ, तळणं यांचे शब्द स्पॅनिश, कारण त्या वस्तू स्पॅनिश गलबतांमधून उतरल्या. त्लायुदा ही परातीएवढी, कडक तोर्तिया समोर आली की तिच्यावर हे सगळे थर एकत्र दिसतात. खाली मका, त्यावर चरबीच्या तळाचा खरपूस गाळ, ज्याला आसिएन्तो म्हणतात, मग घेवड्याचं वाटण, मग दोऱ्यासारखं सुटणारं केसियो चीज. आपल्याकडे पाव, बटाटा, कोबी हे पोर्तुगीजांबरोबर आले आणि नावं घेऊन आले. मिरची आली ती मात्र आपल्या मिऱ्याचं नाव लावून बसली. वस्तू येते तेव्हा शब्दही येतो असं नाही, आणि शब्द आला नाही की त्याच्याबरोबरची कृतीही बहुधा येत नाही. निक्स्तमालच्या बाबतीत तेच झालं.

निक्स्तमाल या शब्दात नेश्त्ली आहे, म्हणजे राख. चुन्याआधी किंवा चुना मिळत नसेल तिथं लाकडाची राख वापरत, आणि उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी राखेच्याच पाण्यात मका शिजवत. राख काय, चुना काय, दोन्हींमुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि दाण्याच्या सालाला धरून ठेवणारा पदार्थ विरघळतो. स्टार्च फुगतो, त्यामुळे पीठ एकजीव होतं. चुन्यातलं कॅल्शियम दाण्यात शिरतं. आणि मक्यात नायसिन नावाचं जे जीवनसत्त्व असतं ते मोकळं होतं. मक्यात ते असतं, पण इतकं घट्ट बांधलेलं असतं की आपल्या आतड्याला ते सोडवता येत नाही. चुना ते सोडवतो.

कोमाल म्हणजे तवा. आजींचा मातीचा होता आणि दुधासारखा पांढरा, कारण तोर्तिया चिकटू नये म्हणून त्याला वरून चुन्याचं पाणी फिरवलेलं होतं. पुन्हा चुनाच. मी सोलापूरकडची, भाकरी थापत मोठी झालेली, त्यामुळे माझे डोळे आपोआप पिठाच्या कडेवर गेले. मक्याची किंवा ज्वारीची भाकरी थापताना कड चिरते. ती चिरू नये म्हणून आपण पाणी उकळून उकड काढतो, खसाखसा मळतो, परातीत हात फिरवत कड सांभाळतो. इथं आजींनी गोळा दोन हातांमध्ये थोपटला, फिरवत फिरवत तो तळहाताबाहेर गेला आणि कडेला एकही भेग नव्हती. गव्हासारखा चिवटपणा नसलेल्या धान्यात तो आला होता तो रात्रीच्या मडक्यातून. मग तोर्तिया कोमालवर गेली. एक बाजू थोडीशीच, उलटली, दुसरी जास्त वेळ, पुन्हा उलटली, आणि मधोमध टम्म फुगली. आजींनी तिच्यावर बोटांनी हलकेच दाबलं, वाफ कडेकडेनं पसरली आणि तोर्तिया तेनातेत, म्हणजे ताडाच्या पानांच्या झाकणाच्या टोपलीत, जाऊन पडली. मला त्यांनी मिठाची चिमूट घालून तशीच खायला दिली. चुन्याची चव अशी वेगळी सांगता येत नाही, पण तो नसता तर ही चवच नसती, एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मित्ला या गावाच्या बाजूला गेलो. रस्त्याला लागून उनियोन सापाता म्हणून छोटं गाव आहे, तिथले लोक डोंगरातल्या गुहांकडे वाट दाखवत नेतात. यागुल आणि मित्लाच्या या गुहा २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यांतली गिला नाकित्स ही गुहा तशी लहान, खडकाच्या पोटात घेतलेल्या आडोशाएवढी. केंट फ्लॅनरी या पुरातत्त्वज्ञानं १९६६ मध्ये इथं उत्खनन केलं. कोरड्या मातीत टिकून राहिलेल्या भोपळ्याच्या बिया निघाल्या, त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या. मक्याची बुरकुंडंही निघाली, सुमारे सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची, बोटापेक्षाही लहान. तेओसिन्ते या गवतापासून माणसानं दाणा वेचत वेचत मका घडवला, त्या वाटेवरची ही बुरकुंडं. आजूबाजूला काटेरी झुडपं, वर गरुड, खाली दरीत आजचीही मक्याची शेतं. मिल्पा म्हणतात त्याला. मका, त्याच्या खोडावर चढणारा घेवडा आणि जमीन झाकणारा भोपळा एकाच शेतात. त्या गुहेतल्या माणसांना अजून चुना माहीत नव्हता. चुन्याच्या कामाची भांडी इ.स.पू. १५०० ते १२०० च्या दरम्यान, आजच्या ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर दिसतात. म्हणजे मका हातात आल्यावर तो नीट खायचा कसा, हे कळायला कितीतरी पिढ्या गेल्या. मला ही गोष्ट मक्याच्या शोधाइतकीच मोठी वाटते. तिचं श्रेय घेणारं एकही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही, आणि ती नावं बायकांची असणार.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या वेगळ्या ठिकाणाबद्दल, म्हणजे व्हेनिसबद्दल. सान झक्कारियाच्या धक्क्यावरून वीस नंबरची बोट घेतली की दहाएक मिनिटांत सान सेर्वोलो बेटावर उतरता येतं. बेटावर १७२५ पासून १९७८ पर्यंत वेड्यांचं इस्पितळ होतं; तिथं आता संग्रहालय आहे. जुनं औषधालय आहे, साखळदंड आहेत आणि फोटो आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोगी दाखल होताना त्यांचे फोटो काढत. शेतमजूर, शेतमजुरांच्या बायका. निदानाच्या जागी पुन्हा पुन्हा एकच शब्द भेटतो, पेलाग्रा. पेलाग्राचं वेड. त्यातले कितीतरी चेहरे माझ्या गावात सहज मिसळून जातील असे होते, उन्हानं रापलेले, गालफडं बसलेली. मी संग्रहालयातून बाहेर आले आणि समोरच्या पाण्याकडे बघत बराच वेळ उभी राहिले. त्या माणसांना झालेला आजार मक्यामुळे होता, असं तिथल्या पाटीवर लिहिलेलं होतं. मक्यामुळे की मका जसा शिजवला त्यामुळे, हा प्रश्न मला वाहाकाला घेऊन आला.

उत्तर इटलीत मका सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोचला. त्याला ते तुर्की धान्य म्हणत, इतकं त्याचं मूळ धूसर झालेलं होतं. पिकायला सोपा, एकरी उतारा भरपूर. हळूहळू गरिबाच्या ताटात दुसरं काही राहिलंच नाही. शिजवायची पद्धत मात्र घरचीच. पोलेंता हा शब्द रोमन काळापासूनचा आहे, तेव्हा ती जवाची करत. नवा दाणा या जुन्या शब्दात जाऊन बसला आणि जुन्याच रीतीनं शिजू लागला. पाणचक्क्या होत्याच, त्या कोरडा मका सहज दळत. दाणा मऊ करायला चुना कशाला, असं कोणालाही वाटणं स्वाभाविक होतं. त्रेव्हिसोच्या बाजूला एका घरगुती खानावळीत मी पांढऱ्या मक्याची पोलेंता खाल्ली. तांब्याचं खोल भांडं, त्याला पायोलो म्हणतात, लाकडी दांड्यानं पाऊण तास ढवळणं, मग लाकडी फळीवर पालथी घालून दोऱ्यानं कापणं. सोबत मासा, भाजी, चीज होतं, आणि जेवण उत्तम होतं. जुन्या काळातल्या गरिबीबद्दल तिकडे सांगतात की छताला एकच खारवलेला हेरिंग मासा टांगलेला असे आणि घरातला प्रत्येक जण आपला पोलेंताचा तुकडा त्याला नुसता घासून खाई.

आधी स्पेनमध्ये आस्तुरियासच्या गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रान्चेस्को फ्रापोलीनं पेलाग्रा हे नाव छापलं. लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ खरखरीत कातडी. उन्हात उघडी पडणारी कातडी भाजल्यासारखी होते, जुलाब लागतात, मग डोकं फिरतं, मग मृत्यू. हवा, सडका मका, रक्तदोष, जंतू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. इस्पितळात दाखल केलेली माणसं तिथल्या मांस-पावाच्या अन्नावर बरी होत, घरी परतून पोलेंतावर बसत आणि पुन्हा दाखल होत. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच साथ कापसाच्या शेतांत आणि गिरणगावांत पसरली. डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर स्वेच्छेनं तयार झालेल्या कैद्यांना मुख्यतः मक्यावरचा निकस आहार देऊन आजार उभा करून दाखवला. तरी जंतूच असणार म्हणणारे हटेनात, तेव्हा त्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या पत्नीनंही टोचून घेतलं. कोणालाही आजार झाला नाही. नायसिन हे नेमकं कारण कॉनरॅड एल्वेहेम यांच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्ये हाती लागलं. कासालपासून मोजली तर दोनशे वर्षं गेली.

या दोनशे वर्षांत मेक्सिकोच्या खेड्यांतली, तीन वेळा मकाच खाणारी माणसं या आजारापासून जवळपास मुक्त होती. आणि त्यांच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलेलं तर युरोपातच होतं. बर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं नाहुआ लेखकांना हाताशी धरून सोळाव्या शतकात बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात तोर्तिया आणि तामाल विकणाऱ्या बायका, त्यांच्या मालाचे प्रकार, सगळं नाहुआत्लमध्ये तपशिलानं आहे. तो ग्रंथ त्याच शतकात फ्लोरेन्सला मेदिची घराण्याच्या संग्रहात गेला आणि आजही तिथंच आहे. त्या कपाटापासून काही दिवसांच्या वाटेवर माणसं पोलेंता खाऊन वेडी होत होती. मला हे अजून सहन होत नाही.

पोलेंताची जी गत, तीच पुढे इतर शब्दांची झाली. रुमानियात मामालिगा पूर्वी बाजरीवर्गीय धान्याची होती, ती मक्याची झाली. केनियातली उगाली, झिम्बाब्वेतली साद्झा ही ज्वारी-नाचणीच्या कुळातल्या धान्यांची नावं मक्याला मिळाली. पदार्थाचं नाव, भांडं, ढवळायचा दांडा तोच राहिला आणि दाणा बदलला. सोबत डाळ, पाला, शेंगदाणा, दूध असेल तर काही बिघडत नाही. ते नसेल तर बिघडतं. १९९० मध्ये मलावीत आसरा घेतलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांमध्ये पेलाग्राचे सुमारे अठरा हजार रुग्ण झाले. शिध्यात मका येत होता, शेंगदाणे येईनासे झाले होते.

शेंगदाण्याचं वाचून मी थांबले, कारण ते आमच्या घरातलं आहे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लिहिलं की दख्खनच्या गरीब ज्वारी खाणाऱ्यांनाही पेलाग्रा होतो. त्यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवलं. त्या कारणावर पुढे बराच वाद झाला, पण रुग्ण तर डोळ्यांसमोर होते. तो आजार आमच्या सोलापूरपासून फार लांबच्या मुलखातला नव्हे. आमच्याकडे भाकरीच्या शेजारी शेंगदाण्याची चटणी असतेच, ती नसली तर ताट अपुरं वाटतं. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. ज्याच्या घरात भाकरीवर चटणीही नव्हती, तोच त्या प्रयोगशाळेच्या इस्पितळात पोचला असणार.

हे सगळं मी आजींना नातीकरवी सांगितलं. कोमालखालचा जाळ विझत आला होता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांच्याकडे चुना नव्हता? होता, मी म्हटलं. व्हेनिसच्या भिंती चुन्याच्या आहेत. मग त्यांना कोणी सांगितलं नाही? मी सांगितलं की जहाजांतून जे गेले ते सैनिक, पाद्री आणि व्यापारी होते. मक्याची कणसं त्यांच्याबरोबर गेली, पण मका शिजवणारी बाई गेली नाही. आजींनी मान हलवली आणि नातीला झापोटेकमध्ये काहीतरी लांबलचक बजावलं. ते मला उद्देशून नव्हतं. नात हसली आणि तिनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं नाही.

नात शहरात तयार पिठाच्या तोर्तिया खाते. तिच्या शाळेतल्या मुलांपैकी फार थोड्यांच्या घरी मडकं चढतं. गावातही तरुण बायका पिशवीतलं पीठ आणतात, कारण सकाळी विणकामाला किंवा बसला वेळेवर पोचायचं असतं; त्यांना दोष देता येणार नाही. पण या भागातली माणसं या बाबतीत हळवी आहेत आणि भांडतातही. २००२ मध्ये वाहाका शहराच्या मुख्य चौकात मॅकडॉनल्ड्स येणार होतं, तेव्हा चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांनी चौकातच लोकांना तामाल वाटून विरोध केला, आणि ते दुकान तिथं झालं नाही. मार्च २०२५ मध्ये जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर बंदी घालणारी दुरुस्ती मेक्सिकोच्या राज्यघटनेत झाली. एका धान्यासाठी राज्यघटनेत शब्द घालणारा देश मला आवडतो.

आमच्या महाराष्ट्रात मका नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगरकडे मोठ्या प्रमाणात होतो आणि त्यातला बराच कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चला आणि इथेनॉलला जातो. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र मक्याची भाकरी रोजची आहे, उडदाच्या डाळीबरोबर आणि रानभाज्यांबरोबर. ते जेवण चुन्याशिवायही पूर्ण आहे. तरी ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी आजींची रीत, आपल्याकडच्या सामानात बसवून, इथं देते.

एक किलो वाळलेला मका घ्यावा. बियाण्याचा घेऊ नये, त्याला औषध लावलेलं असतं. दहा ग्रॅम खायचा चुना, कोरडा. पानाच्या दुकानातला ओला असेल तर दुप्पट. रंगकामाचा चुना चालत नाही. भांडं स्टीलचं किंवा मातीचं, ॲल्युमिनियमचं नको, त्याला चुना खातो. तीन लिटर पाण्यात चुना कालवून मका घालावा, हलक्या आचेवर पाऊण ते एक तास शिजवावा आणि साल बोटांवर सरकलं की उतरवून रात्रभर झाकून ठेवावा. डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नये. सकाळी पाणी ओतून द्यावं, दाणे दोन-तीन पाण्यांतून हलक्या हातानं धुवावेत आणि वेट ग्राइंडरमध्ये अगदी थोडं पाणी घालत वाटावेत. मिक्सरमध्ये पाणी जास्त लागतं, मग थोडं कोरडं पीठ मिसळून घट्ट करून घ्यावं लागतं. गोळा दाबून पाहावा; कड चिरली तर पाण्याचा हात लावावा. चांगल्या तापलेल्या तव्यावर पहिली बाजू थोडी, दुसरी जास्त, मग पुन्हा उलटावं. फुगली की बोटांनी दाबावं आणि फडक्यात गुंडाळून ठेवावं. पीठ त्याच दिवशी संपवावं, दुसऱ्या दिवशी ते आंबतं.